मळलेलंच द्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बुटके,

हात सवयीने लिहून गेला. राहू दे, खाडाखोड केलेलं पत्र मला बघवत नाही.

तुझा पत्ता मावशीने दिला. तिला बोलू नकोस, मीच तिच्या मागे हात धुऊन लागलो होतो. पाच वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी तुझी तब्येत विचारायला हवी, माझी सांगायला हवी. पण काल मी एका कुत्र्याचा स्वेटर धुतला आणि आज त्यापायी चारचौघांत बोलणी खाल्ली. आधी ते सांगतो.

लॉन्ड्री बंद केली हे मावशी बोलली असेलच. इस्त्रीच्या टेबलापुढे दहा तास उभं राहायला गुडघे तयार होईनात. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून वर्षभर मी कुत्र्यांच्या निवाऱ्यात जातो. हस, हस. कुत्रा दिसला की रस्ता ओलांडणारा तुझा बाप! पण मला तिथे कुत्र्यांशी काही देणंघेणं नव्हतं. सत्तर कुत्री म्हणजे रोजची सत्तर पांघरुणं. मागच्या खोलीत दोन मशिनं, एक हौद आणि मी. पूर्वी तिथे धुणं म्हणजे नुसतं बुचकळून वाळत टाकणं होतं. आता सगळी पांघरुणं परीटघडीची असतात. कुत्र्यांना त्याने काही फरक पडत नाही, मला पडतो.

तिथे एक बंद रांग आहे. आठ पिंजरे. बाकीची कुत्री दिवसातून दोनदा अंगणात सुटतात, या रांगेतली नाही. कुणाला खरूज आहे, ती पसरेल म्हणून. एकीचं खुब्याचं हाड मोडलंय, तिने दीड महिना हलायचं नाही. आणि एक सरकारी हुकमाने बंद आहे. तो एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा. म्हातारा आपल्या खोलीत एकटाच वारला. कुत्रा दोन दिवस त्याच्याजवळ बसून होता. दार फोडून लोक आत आले, शेजाऱ्याने म्हाताऱ्याला उचलायला हात घातला, आणि याने त्या हाताचा लचका तोडला. बारा टाके पडले. शेजाऱ्याने तक्रार केली. आता अठ्ठावीस मार्चला तपासणीचे साहेब येणार, तोवर याला बाहेर काढायचं नाही असा कागद पिंजऱ्यावर चिकटवलाय. साहेबांपुढे शांत राहिला तर सुटला. चावायला धावला तर इंजेक्शन.

त्याचं नाव कुणाला माहीत नाही. जेवायला इतके आढेवेढे घेतो की सगळे त्याला जावई म्हणतात.

जावयाबरोबर म्हाताऱ्याचा स्वेटर आला होता. पिंजऱ्याच्या मधे एक सरकतं दार आहे, कुत्रा एका बाजूला घेऊन दुसरी बाजू झाडतात. काल झाडताना तो स्वेटर माझ्या हाती लागला. मळून कडक झालेला, लाळेने गोळा झालेला. मी तो गार पाण्यात, लोकरीच्या साबणाने, मन लावून धुतला. टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं, सपाट वाळवला, कोपरावर विरला होता तिथे रफू केलं. आज सकाळी घडी करून आत ठेवला.

जावई आला. हुंगला. नाकाने उलटा केला, परत हुंगला. बाही दातात धरून झटकली. मग स्वेटर तिथेच टाकून भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या रांगेचं बघणारी एक मुलगी आहे, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. बंद कुत्र्यांसाठी दिवसभर काही ना काही खेळ काढत असते, म्हणून मी तिला खेळताई म्हणतो. ती धावत आली आणि म्हणाली, "काका, काय केलंत हे?"

तेच शब्द. म्हणून लिहायला बसलो.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

तुझे बाबा


मंगळवार, ११ फेब्रुवारी

बुटके,

उत्तर नाही. नको म्हणालो होतो खरा, पण रोज पेटीत हात घालून बघतोच.

जावई जेवत नाही. वाटी सकाळी ठेवतो तशी संध्याकाळी उचलतो. कुणी नसताना दोन घास खात असावा, नाहीतर जिवंत राहिला नसता. डॉक्टरीणबाई बाहेरून बघून जातात आणि मान हलवतात. असाच खंगत राहिला तर साहेबांना इंजेक्शन द्यायचे कष्टही पडणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. तशा चांगल्या आहेत, तोंड फटकळ आहे.

खेळताई आता मला रागावत नाही. उलट त्या शहाणीने मला खाली बसवून समजावलं. म्हणाली, कुत्र्याचं घर नाकात असतं. तो म्हातारा त्या स्वेटरमध्ये अजून होता, तुम्ही त्याला काढून टाकलंत. मी म्हटलं, मला काय माहीत? मी चाळीस वर्षं डाग काढले, वास काढले, लोकांनी त्याबद्दल माझे आभारच मानले.

तुलाही तेव्हा हेच म्हणालो होतो, नाही का?

तू माझ्या बाजूने एकदा ऐक. आई गेली, तुला यायला चार दिवस लागणार होते. घरात औषधांचा वास, उलटीचा वास, हॉस्पिटलचा वास. माणसं येऊन जात होती. माझ्या हातांना दुसरं काय येतं? तिसऱ्या दिवशी पहाटे मी कपाट रिकामं केलं. तिचे सगळे कपडे, शाली, चादरी, पडदेसुद्धा. दोन दिवस मशीन बंद केलं नाही. तू आलीस तेव्हा कपाटात एकावर एक चळत लावलेली होती. मला वाटलं, तुला बरं वाटेल. तू दार उघडलंस, तोंड आत घातलंस आणि तशीच उभी राहिलीस. मग म्हणालीस, "बाबा, काय केलंत हे? एक तरी ठेवायचं होतं." आणि मग, "खरंच काहीच उरलं नाही?" मी म्हटलं, काहीच नाही. ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी तुला स्टेशनवर सोडायलाही आलो नाही. तू बोलावलं नाहीस आणि मला न बोलावता यायची सवय नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

जावयाला आज उकडलेलं अंडं दाखवलं. त्याने भिंत पसंत केली.

तुझे बाबा


गुरुवार, २० फेब्रुवारी

बुटके,

आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक ऐकून हसशील, दुसरी ऐकून हसणार नाहीस.

खेळताई जे करते त्याला इंग्रजी नाव आहे, माझ्या जिभेला ते झेपत नाही. मी विरंगुळा म्हणतो. कुत्र्याला फिरवता येत नाही, तर जग पिंजऱ्यात न्यायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि मधे खाऊचे तुकडे लपवायचे, त्याने फाडून शोधायचे. टॉवेलात खाणं गुंडाळून गाठ मारायची. सुपाचा बर्फ करून चाटायला द्यायचा. साबणाचे फुगे सोडायचे, ते बघून खरूजवाला एवढा उड्या मारतो की त्याची खाज विसरतो. एक पेन्शनर बाई रोज येऊन पेपर वाचून दाखवतात. अग्रलेखाला सगळी झोपतात, म्हणजे माणसांसारखंच.

जावयावर यातलं काही चालेना. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी म्हटलं, वास मी घालवला, तर वास मीच आणतो. अगं, मला नाक आहे! कपडा हातात आला की माणूस ओळखायचो मी, चिठ्ठी बघायची गरज नसायची. निघालो जुन्या गिऱ्हाइकांकडे. बेकरीवाला, सुतार, शाळेतल्या बाई, गॅरेजवाला, दवाखान्यातली नर्स. दारात उभं राहून सांगायचो, "कपडे द्या." ते खूश व्हायचे, लॉन्ड्री परत सुरू झाली म्हणून. आतून धुतलेलं काहीतरी काढून आणायचे. मी म्हणायचो, "हे नको. मळलेलंच द्या. जितकं घाण तितकं चांगलं." बेकरीवाल्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सुताराची बायको हळूच विचारत होती, काकांना घरी सोडायला कुणी आहे का.

पण रांगेत मजा आली. एकेक फडकं दहा मिनिटं गजाला बांधायचं, मग पुढच्या पिंजऱ्याला. मोडक्या खुब्याची ती, आम्ही तिला महाराणी म्हणतो, ती बेकरीवाल्याच्या एप्रनवर हनुवटी ठेवून डोळे मिटून पडून राहिली. सुताराच्या भुशाने तिघं शिंकले. खेळताईने टाळ्या वाजवल्या.

इथवर हसायचं होतं.

मला त्या स्वेटरमध्ये काय काय होतं ते आठवत होतं. धुताना मी सगळं हुंगलं होतं. घड्याळाचं पातळ तेल, तंबाखू, गुडघ्याला लावायचं मलम, पेपरमिंट. मी गावातला दुसरा घड्याळवाला शोधला, त्याचं तेलाचं फडकं मागून आणलं. त्यावर तंबाखू चुरगाळला. मलम माझ्याकडे होतंच. पेपरमिंट विकत घेतलं. आणि कुणाला न विचारता जावयाच्या गजाला बांधलं.

तो उठला. सतरा दिवसांत पहिल्यांदा शेपटी हलली. फडकं हुंगलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे. आणि गजाला छाती टेकवून उभा राहिला, दाराकडे बघत. दुपार गेली, संध्याकाळ झाली. बसला नाही. दार वाजलं की कान उभे करायचा.

खेळताईने फडकं सोडून घेतलं. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, "काका, खोटा म्हातारा नका आणू हो. नवं काही तरी द्या, पण खरं द्या."

मी हौदापाशी जाऊन नळ सोडून उभा राहिलो. नळ सोडला की रडलेलं ऐकू येत नाही, हे दुकानातच शिकलोय.

तुझे बाबा


रविवार, २ मार्च

बुटके,

नवं काय द्यायचं याचा खेळताईने शोध लावला. म्हणाली, "काका, तुमचाच एखादा वापरलेला शर्ट द्या. रोज त्याच्यासमोर बसता, तुमची ओळख तरी होऊ दे."

दिला. जावई त्यावरून चालत गेला. तिने शर्ट उचलून नाकाला लावला आणि हसायलाच लागली. "याला वासच नाही! नुसता साबण. काका, तुम्ही माणूस आहात की वडी?"

मग हुकूम सुटला. एकच शर्ट चार दिवस अंगात. रात्रीही तोच. आंघोळ करायची तर करा, पण तो शर्ट पाण्याला दाखवायचा नाही. बुटके, तुला माहीत आहे, मी उन्हाळ्यात दिवसाला तीन शर्ट बदलणारा माणूस. पहिल्या दिवशी कॉलर काळवंडली, दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये मागे जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची बाई भेटली. जिने माझ्याकडून वीस वर्षं इस्त्री करून घेतली, ती माझ्या खांद्यावरच्या आमटीच्या डागाकडे बघत राहिली. जमिनीने दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. चौथ्या रात्री झोपताना मला माझाच वास आला. म्हातारा वास. माझ्या वडिलांच्या उशीला यायचा तसा. मला वाटलं होतं, मला तो कधीच येणार नाही.

सकाळी शर्ट आत दिला. जावई दोन तास लांबून बघत राहिला. मग आला, बगलेपाशी नाक खुपसलं, आणि बाहीवर आडवा झाला. दुपारी खेळताईने दुसऱ्या बाहीत भाताचे गोळे गुंडाळून ठेवले. एक खाल्ला. मग सगळे खाल्ले. बटणही खाल्लं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल बाहेर.

खऱ्या जावयाला मी अजून पाहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तू लग्न केलंस, हेही मावशीच्या तोंडून निसटलं. मी तिला म्हटलं, मला माहीत होतं. नव्हतं. तो जेवायला आढेवेढे घेतो का गं? त्याच्या कपड्यांना कसला वास येतो? काय काम करतो तो?

तुझे बाबा


रविवार, ९ मार्च

माझी बुटकी,

कार्ड मिळालं.

तीनच शब्द. "तो जेवतो ना?" खाली नाव नाही, तारीख नाही. तुझा "ज" अजून पोटात फुगलेला आहे, शाळेत त्यावरून छड्या खायचीस.

कार्ड आलं तेव्हा मी दारातच उभा होतो. वाचलं, आत आलो, दार लावलं आणि हुंगलं. हसू नकोस. टपालाचा डिंक होता, शाई होती, पोस्टमनच्या घामट पिशवीचा वास होता. तुझं काही सापडलं नाही. तुला काय वास येतो हेच मी विसरलो की काय, या भीतीने मग दिवसभर ते कार्ड पुन्हापुन्हा नाकाला लावत होतो. लहानपणी तुझ्या डोक्याला पेन्सिलीच्या भुशाचा वास यायचा. मोठी झाल्यावर मी तुझ्या इतक्या जवळ कधी आलो?

जेवतो. ताट चाटून जेवतो. जेवणापेक्षा खोकं फाडायलाच त्याला जास्त आवडतं, पिंजऱ्यात कागदाचा नुसता पाचोळा करतो.

आता खरी परीक्षा. साहेब त्याच्या पिंजऱ्यात शिरतील, गळ्यात पट्टा घालतील आणि त्याच्यापुढची वस्तू काढून घेतील. त्यातच तो चावला होता, म्हणून त्यातच त्याला तपासणार. आम्ही गजातून शिकवतोय. मी तळहात लावतो, तो नाक टेकवतो, खाऊ मिळतो. मी काठीला बांधलेला पट्टा त्याच्या मानेला लावतो, तो थांबतो, खाऊ मिळतो. एवढं सगळं तो पटकन शिकला. शर्ट मात्र सोडत नाही. मी त्याला हात लावला की चारी पाय रोवून त्यावर उभा राहतो आणि गुरगुरतो. माझ्यावर!

एकोणीस दिवस उरलेत. अजून एक कार्ड टाक. तीन शब्दांचंच.

तुझे बाबा


सोमवार, १७ मार्च

बेटा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडणार नाही.

काल खेळताईने महाराणीसाठी माझा शर्ट अर्धा मागितला. ती बिचारी दीड महिना एकाच कुशीवर, तिलाही थोडा आधार. सरकत्या दारातून काठीने ओढायला गेलो, तर जावयाने दात दाखवले. खेळताई म्हणाली, "एवढा मोठा शर्ट आहे, दोघांना पुरला असता की रे." ती कुत्र्याला म्हणाली होती. मला तिथून उठवेना.

मी तुला खोटं सांगितलं.

मी सगळं धुतलं नव्हतं. आईच्या उशीचा एक अभ्रा होता, हॉस्पिटलात जाण्याच्या आधीचा. त्यात औषध नव्हतं, आजार नव्हता. तिचं तेल होतं, ती होती. तो मी मशीन लावायच्या आधी बाजूला काढला, रबराच्या कडीची काचेची बरणी असते तीत घातला, आणि दुकानात वरच्या फळीवर ठेवला. तू कपाटात तोंड घालून उभी होतीस तेव्हा तो तिथेच होता. "खरंच काहीच उरलं नाही?" असं तू विचारलंस आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, काहीच नाही.

मला काय माहीत, असं मी तेव्हा म्हटलं, खेळताईला म्हटलं, तुला महिन्याभरापूर्वी परत लिहिलं. लॉन्ड्रीवाल्याला वास म्हणजे काय हे माहीत नसतं होय? माहीत होतं म्हणूनच तर एक ठेवला. आणि हेही माहीत होतं की बरणी जितक्या वेळा उघडावी तितका तो उडतो. दोघांना पुरणार नाही, असं मला वाटलं. माझ्या लेकीला तिच्या आईचा वास द्यायला माझं मन झालं नाही. एवढा हावरट तुझा बाप.

पहिल्या वर्षी दर रविवारी उघडायचो. पाचपर्यंत मोजून झाकण लावायचो. मग महिन्यातून एकदा. मग तो कमी व्हायला लागला, किंवा माझं नाक म्हातारं झालं, आणि मी घाबरून उघडायचा बंद झालो. दोन वर्षं उघडलेली नाही. तुझ्याशी बोलावंसं वाटायचं तेव्हा त्या बरणीची लाज आड यायची. तुझं गाऱ्हाणं कपड्यांचं होतं, माझं भांडण त्या बरणीशी होतं. तू फोन बंद केलास तेव्हा एका बाजूने सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

माफ कर असं लिहिणार होतो. माझ्याने ते लिहवत नाही, म्हणजे लिहायचा हक्क नाही असं वाटतं.

बाबा


शनिवार, २९ मार्च

बेटा,

तुझं काही आलं नाही. बरोबर आहे.

पण जावयाचं काय झालं ते कळवायलाच हवं. तू विचारलं होतंस.

गेले दहा दिवस आम्ही एकच खेळ खेळलो. मी शर्टाचं टोक धरायचं. तो धरून बसणार. मी वाट बघायची. त्याने जरा जरी ढिलं सोडलं की खाऊ, आणि शर्ट लगेच परत. दिवसाला पन्नास वेळा. शर्ट परत येतो हे त्याच्या डोक्यात शिरायला सहा दिवस गेले. सातव्या दिवशी त्याने स्वतःच शर्ट गजापाशी आणून टाकला आणि खाऊची वाट बघत बसला, लबाड.

काल साहेब आले. उंच, कोरडे, हातात फायलींची पिशवी. मला गजाच्या बाहेर उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. साहेब आत गेले. पट्टा घातला, जावई थांबला. मानेवरून, पाठीवरून हात फिरवला, थांबला. मग त्यांनी वाकून शर्ट उचलला. जावयाने सोडला आणि परत मिळेल म्हणून बसून राहिला.

साहेबांना आमचा खेळ कुठे माहीत! त्यांनी शर्ट काखेत मारला आणि फाइलमध्ये लिहायला लागले. एक पान झालं. दुसरं पान झालं. जावयाने शर्टाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कळ लागल्यासारखं एकदा कुंईकुंई केलं. मी माझा ओठ एवढा चावला की रक्त आलं. खेळताईने माझा दंड धरून ठेवला होता. तो उठला, आणि साहेबांच्या बुटाशी जाऊन परत बसला.

सही झाली. सुटला!

साहेबांनी स्वतः त्याला पट्ट्याने अंगणात नेलं. चौपन्न दिवसांनी. त्याने नाक जमिनीला लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने निघाला, एकेका दगडापाशी थांबत. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. खेळताई रडत होती आणि मला म्हणत होती, काका रडू नका.

मला वाटलं होतं, तो माझ्याकडे येईल. एक वाटीही आणून ठेवली होती. पण हुकमात अट आहे, तळमजला आणि कुंपण हवं. मी तिसऱ्या मजल्यावर. शहराबाहेर रोपवाटिका चालवणारं एक जोडपं आहे, पोरंबाळं नाहीत. ते बुधवारी त्याला न्यायला येतील.

तुझे बाबा


बुधवार, २ एप्रिल

बेटा,

आज जावई गेला. माझा शर्ट मी गाडीत ठेवायला गेलो, तर खेळताईने माझ्या हातातून घेतला. म्हणाली, तुमचा वास बरोबर गेला तर तिथे तो दाराकडेच बघत बसेल. दिला तिच्याकडे. त्या बाईने आपली माती लागलेली ओढणी त्याच्या पुढ्यात टाकली, त्याने ती हुंगली आणि गाडीत चढला. मागच्या काचेतून थोडा वेळ त्याचे कान दिसत होते.

तिथूनच मी टपाल कचेरीत आलो आणि इथल्या बाकावर बसून लिहितोय. या पत्राबरोबर पेटी आहे, तीत भुसा आहे, भुशात बरणी आहे. मी उघडलेली नाही. घरी मोह झाला, खोटं सांगत नाही, अंगठा झाकणावर ठेवून बराच वेळ बसलो होतो.

पंखा बंद कर. खिडक्या लाव. हाताला साबण लावू नकोस. जवळ कुणी असेल, म्हणजे तो, तर त्याला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांग. आणि अभ्रा सबंध बाहेर काढून तोंडाला लाव. माझ्यासारखं पाचपर्यंत मोजू नकोस. पुरवून पुरवून वापरू नकोस, एकाच वेळी सगळा संपला तरी चालेल. मला उरवून पाठवू नकोस.

त्यात आई असली, तर तू मला काही कळवू नकोस. ती तुझी आहे, तुमचं तुम्ही बघा. मी कधी विचारणार नाही.

आणि नसली, तर ती मी एकट्याने संपवली. ते पत्रात लिहू नकोस. इथे ये आणि माझ्या तोंडावर सांग, हवं तेवढं ओरड.

खिडकीवरचा माणूस पेटी मागतोय. दोन्हींपैकी काय व्हावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

बाबा